अमेरिकन यादवी युद्धात सापडलेल्या खेड्यातल्या जुन्या चर्चचा खरा इतिहास कसा शोधायचा

व्हर्जिनियात हायवे सोडून जरा आडरस्त्याला लागलं की जुनी चर्चेस दिसायला लागतात. विटांचं चौकोनी बांधकाम, दाराला कुलूप, बाजूला दफनभूमी, रस्त्याकडेला पाटी आणि पाटीवर दोनतीन ओळी की युद्धात इथे हॉस्पिटल होतं. आसपास कुणी म्हातारं माणूस भेटलं तर तो हमखास सांगणार, यँकी (म्हणजे उत्तरेच्या) सैन्याने आत घोडे बांधले, बाकं जाळली, तेव्हापासून चर्चला जी उतरती कळा लागली ती लागलीच. ऐकायला एकदम पटतं. पण घोडे बांधले का, हा एक प्रश्न आहे आणि चर्च बंद कशामुळे पडलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा हो येतं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा भलतंच काहीतरी निघतं. म्हणून दोन्ही वेगवेगळं शोधायचं, आणि कसं ते खाली लिहितोय. उदाहरणं व्हर्जिनिया आणि शेजारच्या मेरीलँडची आहेत, कारण उत्तरेचं युनियन आणि फुटून निघालेली दक्षिणेची कॉन्फेडरेट राज्यं यांच्यातली, १८६१ ते १८६५ मधली बरीच मोठी लढाई याच पट्ट्यात झाली.

आधी चर्च नक्की कुठलं ते ठरवा

हे बावळटासारखं वाटेल, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सेलम, बेथेल, झायन, एबेनेझर ही नावं काऊंटीगणिक (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहेत, कधी एकाच काऊंटीत दोन. बॅप्टिस्टांचं एक आणि मेथडिस्टांचं एक असंही असतं. त्यामुळे नाव, पंथ, काऊंटी आणि जवळचा रस्ता किंवा ओढा, हे चारही जुळल्याशिवाय पुढचा कुठलाही कागद आपल्याच चर्चचा आहे असं धरू नका.

जमिनीचे कागद काऊंटीच्या सर्किट कोर्ट क्लार्कच्या ऑफिसात मिळतात. आपल्याकडे देवस्थानाच्या जमिनीचा सात-बारा काढतात तसंच हे, फक्त एक गोम आहे. व्हर्जिनियाच्या राज्यघटनेने चर्चला संस्था म्हणून नोंदणी करायला बंदी घातली होती आणि ती बंदी २००२ मध्ये कोर्टात पडली, म्हणजे त्याआधीची जवळजवळ सगळी जमीन विश्वस्तांच्या नावावर. इंडेक्समध्ये चर्चचं नाव शोधत बसाल तर हाताला काही लागायचं नाही, विश्वस्तांची आडनावं शोधावी लागतात. पण यात एक फायदापण आहे. विश्वस्त मेला किंवा गाव सोडून गेला की नवा नेमायला कोर्टाचा हुकूम लागायचा, तो ऑर्डर बुकात चढायचा. हे हुकूम तारखेने लावले की चर्च कधीपर्यंत जिवंत होतं ते कळतं, कारण जिथे माणसंच उरली नाहीत तिथे नवा विश्वस्त नेमायला जाणार कोण.

काही काऊंट्यांची दप्तरं युद्धातच गेली, स्टॅफर्डची बरीच गेली. अशा ठिकाणी लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर चॅन्सरी कोर्टाच्या (वाटणी, वारसा असल्या भांडणांच्या) खटल्यांचा इंडेक्स आहे तो बघा. चर्चशेजारच्या शेताच्या वाटणीच्या भांडणात चर्चचा उल्लेख सापडून जातो, हद्द सांगताना लोक चर्चच सांगायचे.

सैन्य तिथे कधी होतं?

लढाई शोधू नका, छावणी शोधा. खेड्यातल्या चर्चचं नुकसान तोफगोळ्यांपेक्षा छावणीने जास्त केलंय. लढाई एकदोन दिवसांत पुढे सरकते, छावणी हिवाळाभर बसून राहते, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या सैनिकाला वाळलेली पाईनची बाकं आणि जमिनीच्या फळ्या दिसल्या की तो त्यांचं काय करणार ते सांगायला नको. फ्रेडरिक्सबर्गला युनियनचा पराभव डिसेंबर १८६२ मध्ये झाला आणि त्यानंतर त्यांचं ‘पोटोमॅकचं सैन्य’ म्हणून ओळखलं जाणारं लाखाहून मोठं सैन्य पुढच्या जूनपर्यंत स्टॅफर्डमध्ये मुक्कामाला होतं. तुमचं चर्च त्या भागातलं असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

फेअरफॅक्स काऊंटीतलं पोहिक चर्च बघा. १७७४ मध्ये बांधून पूर्ण झालं, जॉर्ज वॉशिंग्टन आणि जॉर्ज मेसन दोघं त्याच्या कारभारी मंडळात होते. तिथे लढाई अशी कुठली झालीच नाही. तरी १८६१ च्या नोव्हेंबरपासून युनियनच्या सैनिकांनी आतलं लाकूडकाम उपटून नेलं, त्यातलं बरंचसं वॉशिंग्टनच्या चर्चची आठवण म्हणून! नंतर आत घोडे बांधले. दाराच्या दगडावर कोरलेली नावं आजही दिसतात.

सैन्याच्या हालचालींसाठी दोन्ही बाजूंचे अधिकृत रिपोर्ट आणि तारा छापलेले आहेत, सरकारने १८८० ते १९०१ दरम्यान १२८ खंडांत काढले, सगळेच्या सगळे स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. शोधताना स्पेलिंगचा हट्ट धरू नका. न्यूयॉर्कच्या नाहीतर मिशिगनच्या कर्नलने कानावर पडलं तसं लिहिलंय, म्हणून गावाचं नाव तीनचार तऱ्हांनी टाकून बघा, शिवाय जवळच्या गिरणीचं, फाट्याचं आणि ओढ्याचं नावपण टाका. नकाशांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस. तिथे जेडेडाया हॉचकिसचे नकाशे आहेत, हा कॉन्फेडरेट बाजूचा नकाशाकार, आणि त्याच्या नकाशात शेतमालकांची नावंसुद्धा मिळतात. ती नावं चर्चच्या विश्वस्तांशी जुळवून बघितली की आपलं चर्च हेच याची खात्री पटते.

भरपाईचा दावा, हा सगळ्यात मोठा खजिना

बहुतेक लोकांना हे माहीतच नसतं, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

युद्धानंतर दक्षिणेतल्या ज्या लोकांचा माल युनियन सैन्याने घेतला त्यांना भरपाई मागता यावी म्हणून १८७१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सदर्न क्लेम्स कमिशन नेमलं. ते १८८० पर्यंत चाललं, २२,२९८ दावे आले आणि मंजूर झाले साधारण एक तृतीयांश. अट अशी की तुम्ही संपूर्ण युद्धात युनियनशी निष्ठावान होता हे सिद्ध करा, आणि पैसे फक्त सैन्याने वापरायला घेतलेल्या धान्य, जनावरं, लाकूड वगैरे मालाचे. चर्चेसना यात फारसा वाव नव्हता. त्यांची खरी पाळी नंतर आली, १८८३ चा बोमन कायदा आणि १८८७ चा टकर कायदा झाल्यावर काँग्रेस असे दावे कोर्ट ऑफ क्लेम्सकडे (सरकारवरच्या पैशाच्या दाव्यांचं कोर्ट) तपासायला पाठवायला लागली. मग खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या विश्वस्तांनी युनायटेड स्टेट्सवर दावे लावले आणि ते पार विसाव्या शतकात चालले. १९१५ च्या मार्चमध्ये काँग्रेसने एका कायद्यात ढिगाने दावे निकाली काढून पैसे मंजूर केले आणि पुढे या प्रकारचे दावे घेणंच बंद केलं.

या फायलींत काय असतं? पाळक, शेजारी, कधीकधी पूर्वी गुलाम असलेले लोक, यांच्या साक्षी. कुठल्या महिन्यात सैन्य आलं, बाकं किती होती, कशाची होती, व्यासपीठ कोणी तोडलं, खिडक्यांच्या चौकटी कुठल्या छावणीत गेल्या, विटा काढून झोपड्यांची धुराडी बांधली का, सगळं प्रश्नोत्तरांत. दुसरीकडे सरकारी वकील उलटतपासणी करतोय, तुमचे सभासद कुठल्या बाजूने लढले, आधीच छप्पर गळत होतं ना, असं. कोर्टाचा निष्कर्ष ठरावीक भाषेत येतो: इमारत वापरल्याचं वाजवी भाडं, अधिक नेहमीच्या झिजेपलीकडचं नुकसान, मिळून इतके डॉलर.

वाचताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक म्हणजे साक्षी चाळीसेक वर्षांनंतरच्या आहेत आणि देणाऱ्याला पैसे हवे आहेत, तेव्हा आकडे फुगणारच. आकड्यांपेक्षा तपशील धरा. बाकं पॉप्लरची होती आणि पाठीला रंग नव्हता असं कुणी सांगत असेल तर ते खोटं सांगायचं त्याला कारण नाही. दुसरं म्हणजे भरपाई फक्त युनियन सैन्याच्या कृत्यांची. म्हणून दाव्यात सगळा दोष युनियनवर जातो आणि कॉन्फेडरेट सैनिक त्याच चर्चमध्ये महिनाभर राहून गेले असतील तर ते सोयीस्करपणे गायब होतात. हे उगाच म्हणत नाहीये. मेरीलँडमधल्या अँटिटमच्या लढाईत सॅम्युएल मम्मा नावाच्या शेतकऱ्याचं अख्खं घर जळलं, त्याने भरपाई मागितली, पण आग कॉन्फेडरेटांनी लावली होती म्हणून सरकारने नकार दिला. याच मम्माने डंकर चर्चला जमीन दिली होती, त्या चर्चकडे मी पुढे येतोच.

फाईल मिळवायची कशी? कोर्टाचे निष्कर्ष काँग्रेसकडे जायचे आणि छापले जायचे, ते सरकारी कागदपत्रांचे खंड हाथीट्रस्ट (स्कॅन केलेल्या पुस्तकांची ऑनलाइन लायब्ररी) आणि गूगल बुक्सवर आहेत. तिथे काऊंटीचं नाव, चर्चचं नाव आणि ट्रस्टीज हा शब्द टाकून सर्च करा. निष्कर्षावर काँग्रेशनल केस नंबर असतो तो लिहून घ्या. मूळ फाईल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये रेकॉर्ड ग्रुप १२३ मध्ये आहे, केस नंबर देऊन त्यांना आधी लिहा, मग जा. नुसतं जाऊन उभं राहिलात तर अर्धा दिवस फॉर्म भरण्यातच जाईल. आणि हो, दावा फेटाळलेला असला तरी फाईल बघाच, फेटाळलेल्यातपण साक्षी असतातच.

फोटो आणि भिंती

तुमच्या चर्चचा युद्धातला फोटो असण्याची शक्यता कमीच, पण बघून घ्यायला काय जातं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने काचेच्या निगेटिव्ह्ज इतक्या मोठ्या साइझमध्ये स्कॅन केल्यात की झूम करून बटणं मोजता येतील. स्पॉटसिल्वेनिया काऊंटीतलं मॅसापोनॅक्स बॅप्टिस्ट चर्च, तारीख २१ मे १८६४. सैन्य नॉर्थ अॅना नदीकडे निघालेलं, युनियनचे जनरल ग्रँट आणि मीड यांनी चर्चमधली बाकं बाहेर झाडाखाली आणून गोलाकार मांडली आणि तिथेच बैठक भरवली. टिमथी ओसलिव्हनने कॅमेरा वरच्या मजल्याच्या खिडकीत लावून लागोपाठ फोटो काढले. एकात ग्रँट बाकामागून वाकून मीडच्या खांद्यावरून नकाशा बघतोय, मागे रस्त्यावर सामानाच्या गाड्या. लोक ग्रँटला बघतात. तुम्ही बाकं बघा. पाठीची उंची, हाताच्या बाजूची नक्षी, लांबी, अशा गोष्टी दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळणार नाहीत. आणि इथे बाकं बाहेर नेली म्हणजे ती गेलीच असं नाही, हेही त्यातूनच कळतं.

याच चर्चच्या आत भिंतींवर दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी लिहिलेली नावं जपून ठेवलीत. तुम्हाला कुठे असं लिखाण दिसलं तर बोट लावू नका, ओलं फडकं तर अजिबात नको, पेन्सिल आणि कोळशाचं असतं ते. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा धरायचा, म्हणजे पुसट ओरखडेसुद्धा उठून दिसतात, आणि मग फोटो. नाव आणि रेजिमेंट वाचता आली की नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सैनिकांच्या डेटाबेसमध्ये टाका. रेजिमेंट कळली की ती तिथे कधी होती ते रिपोर्टांतून काढता येतं, आणि एवढ्याने चर्चची तारीख पक्की होते.

विटांवरच्या खड्ड्यांबद्दल मात्र जपून. प्रत्येक खड्डा गोळीचा नसतो. फ्रेडरिक्सबर्गजवळच्या सेलम चर्चच्या भिंतींवर ३ मे १८६३ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत, त्या आधी जाऊन नीट बघा, म्हणजे नजर बसते. पाण्याने आणि बर्फाने फुटलेली वीट पापुद्र्यासारखी सुटते, तशीच सिमेंटने सांधे भरलेल्या जुन्या भिंतीची वीटपण कडेने फुटते. आत खिळे बघा. कापीव चौकोनी खिळे असतील तर काम जुनं असू शकतं, तारेचे गोल खिळे साधारण १८९० च्या पुढे सर्रास वापरात आले. युद्धानंतर लगेच बसवली म्हणून दाखवतात त्या जमिनीच्या फळ्यांत गोल खिळे निघाले तर काय समजायचं ते समजा.

आता ऱ्हास

आता डंकर चर्च. जर्मन बॅप्टिस्ट लोकांचं छोटं पांढरं चर्च, १८५२ मध्ये बांधलेलं, मनोरा नाही काही नाही, कारण हे लोक साधेपणावाले, आणि युद्धच मानत नाहीत. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिटमची लढाई नेमकी त्यांच्या दारात झाली. अलेक्झांडर गार्डनरचा तो प्रसिद्ध फोटो, पुढे मेलेले सैनिक आणि मागे भोकं पडलेलं चर्च, तो इथलाच. हे बघून कुणीही म्हणेल की चर्च इथेच संपलं. पण मंडळींनी डागडुजी करून १८६४ मध्ये पुन्हा उपासना सुरू केली आणि पुढची कितीतरी वर्षं ती चालू राहिली. मग शार्प्सबर्ग गावात नवं चर्च झालं, सगळे तिकडे जायला लागले, हे ओस पडलं, आठवण म्हणून विटा काढून नेणाऱ्यांनी भिंती कमकुवत केल्या आणि १९२१ च्या वादळात ते कोसळलं. आज दिसतं ते १९६२ मध्ये जुन्याच पायावर उभं केलेलं. म्हणजे तोफांनी जे पाडलं नाही ते गावात नवी इमारत आणि हौशी टूरिस्ट यांनी पाडलं. (त्यांचं बायबल एका न्यूयॉर्कच्या सैनिकाने उचलून नेलं होतं, ते १९०३ मध्ये परत आलं. विटा काही परत आल्या नाहीत.)

उलट पोहिक. युद्धाच्या आधीच त्याच्यावर एक मोठा घाव बसला होता. स्वातंत्र्यानंतर व्हर्जिनियात अँग्लिकन चर्चचा सरकारी दर्जा गेला, १८०२ च्या कायद्याने पाळकांच्या जमिनीपण विकायला काढल्या, आणि वसाहतकाळातली बरीच चर्चेस तेव्हाच ओस पडली. म्हणजे तुमचं चर्च अठराव्या शतकातलं असेल तर ऱ्हासाचा शोध १८६१ ला सुरू न करता १८०० च्या आसपास सुरू करा. पोहिक दोन्हीतून वाचलं, तिथे आजही उपासना होते.

मग कारणं शोधायची कुठे? मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, इतिवृत्ताचं पुस्तक सगळ्यात महत्त्वाचं. बॅप्टिस्ट असेल तर रिचमंडच्या व्हर्जिनिया बॅप्टिस्ट हिस्टॉरिकल सोसायटीत बघा, नाहीतर जुन्या कुटुंबातल्या कुणाच्या तरी कपाटात असतं. १८६१ ते ६५ ची पानं कोरी असली तर लोक खट्टू होतात, मी म्हणेन १८६५ ते १८७० ची पानं जास्त मन लावून वाचा. दक्षिणेतल्या कित्येक चर्चेसमध्ये गुलाम लोकही सभासद असायचे, सेलमसारख्या ठिकाणी त्यांना वरच्या सज्ज्यात बसवायचे आणि तिथे जायला जिना वेगळा. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते बाहेर पडले आणि मैल दोन मैलांवर त्यांनी स्वतःची चर्चेस उभी केली. एका फटक्यात सभासद कमी झाल्याचा आकडा दिसला तर त्याला ऱ्हास म्हणायच्या आधी ती माणसं गेली कुठे ते बघा. जवळच्या ब्लॅक बॅप्टिस्ट चर्चचा इतिहास वाचलात तर तुमच्या चर्चचा अर्धा इतिहास तिथे सापडेल, आणि तो भाग पाटीवर बहुधा नसतो.

त्यानंतरच्या काळासाठी १९२६ ची धार्मिक संस्थांची जनगणना. प्रत्येक मंडळीने भरलेला एक एक फॉर्म, सभासद किती, तेरा वर्षांखालचे किती, इमारतीची किंमत, कर्ज, वर्षाचा खर्च. अशा जनगणना अनेक झाल्या पण मूळ फॉर्म टिकले ते याच वर्षाचे, दोन लाखांहून जास्त, आणि ते ऑनलाइन टाकायचं काम जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी हातात घेतलंय. त्यात लहान मुलं दोनचारच असतील तर पुढचं भविष्य तुम्हीच वाचाल. १९३० च्या दशकात सरकारी योजनेत लोक गावोगाव फिरून जुन्या इमारतींची माहिती आणि फोटो जमवत होते, ती व्हर्जिनिया हिस्टॉरिकल इन्व्हेंटरी लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या साइटवर आहे. बाकी ओळखीची कारणं आहेतच: मोटारी आल्यावर गावातल्या मोठ्या चर्चला जाणं सोपं झालं, १९३९ मध्ये मेथडिस्टांचे फुटलेले गट एक झाले आणि एकाच फाट्यावर दोन चर्चेस नको झाली, १९४१ मध्ये कॅरोलाईन काऊंटीत ए. पी. हिल लष्करी तळासाठी जमिनी गेल्या आणि घरंच्या घरं उठली. आणि सेलमचं अजूनच वेगळं. तिथे मंडळी आटली नाही, शेजारी नवी इमारत बांधून तिकडे गेली, जुनी नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आली, आणि ज्या शेतात लढाई झाली तिथे आता दुकानं आणि ट्रॅफिक.

जाताना

बंद दिसणारं चर्चही कुणाच्या तरी मालकीचं असतं, आधी विचारून जा. दफनभूमीत दगडांवर खडू, शेव्हिंग क्रीम असले प्रकार नकोत. मेटल डिटेक्टर गाडीतच राहू दे, फेडरल जमिनीवर त्याने खणणं सरळ गुन्हा आहे आणि खाजगी जमिनीवरही परवानगीशिवाय नाहीच.

माहिती जमली की व्हर्जिनियाच्या डिपार्टमेंट ऑफ हिस्टॉरिक रिसोर्सेसला कळवा. त्यांचा प्राथमिक माहितीचा फॉर्म आहे, तो भरायला मालक असायलाच पाहिजे असं नाही. ऐतिहासिक रजिस्टरवर नाव चढवायचं असेल तर एक नियम आधीच वाचून घ्या: धार्मिक इमारत नुसती धार्मिक म्हणून घेत नाहीत, वास्तुकला किंवा इतिहास या कारणाने तिचं महत्त्व दाखवावं लागतं, तेव्हा दाव्याची फाईल आणि भिंतीवरची नावं तिथे कामी येतात. आणि रजिस्टरवर नाव आलं म्हणजे इमारत वाचली असं नाही, मालकाने स्वतःच्या पैशाने पाडायची ठरवली तर रजिस्टर त्याला अडवत नाही. त्यासाठी जमिनीवर कायमची अट नोंदवणारा ईझमेंट करावा लागतो, आणि त्यावर सही बहुधा विश्वस्तांचीच लागते, म्हणून त्यांच्याशी ओळख आधीपासून ठेवा.